दूध संकलनाचा डॅशबोर्ड बनवलाय, पण ११ केंद्रांना ज्याचं त्यालाच दिसेल असा शेअर कसा करायचा?

बल्ककूलर_फलटण

नमस्कार मंडळी. फलटणजवळ आमचं घरचं दूध संकलन आहे, वडील आणि काका बघतात, मी गेल्या दिवाळीपासून पुण्यातली नोकरी सोडून पूर्णवेळ यात आलोय. आसपासच्या गावांत मिळून ११ संकलन केंद्रं, ३८० च्या आसपास शेतकरी, रोजचं साधारण ५,२०० लिटर, बहुतेक गाईचं आणि थोडं म्हशीचं. सगळं दूध आमच्या बल्क कूलरला (दूध थंड ठेवायची मोठी टाकी) येतं आणि तिथून टँकरने डेअरीला जातं.

आत्तापर्यंत पद्धत अशी की सकाळची पाळी संपली की केंद्रवाला पावतीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार, संध्याकाळी परत तेच, आणि रात्री जेवण झाल्यावर मी ते २२ फोटो बघून एक्सेलमध्ये चढवणार. वडिलांची डायरी वेगळी. त्यामुळे कुठल्या केंद्राचं फॅट घसरलंय हे कळेपर्यंत दहा दिवसांचं बिल निघून गेलेलं असतं, मग बोलून काय उपयोग.

म्हणून मागच्या महिन्यात तीन रविवार घालून गुगल फॉर्म बनवला, केंद्रवाले त्यात भरतात, ते गुगल शीटमध्ये येतं आणि त्यावर लुकर स्टुडिओचा (गुगलचं चार्ट-रिपोर्ट बनवायचं साधन) डॅशबोर्ड. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ), केंद्रनिहाय, पाळीनिहाय, सगळं दिसतं. इथपर्यंत मस्त झालं.

पुढे घोळ झाला. मी डॅशबोर्डची लिंक आणि सोबत शीटची पण लिंक, 'लिंक असलेला कोणीही बघू शकतो' असं करून ग्रुपवर टाकली. शीटमध्ये कमिशनचा कॉलम होता, तो मी हाइड केला होता. एका केंद्रचालकाच्या मुलाने शीटची कॉपी काढली आणि कॉलम उघडला. आता कमिशन सगळ्यांना सारखं नाहीये, कुणाचं केंद्र वीस वर्षांचं आहे, कुणी जागा स्वतःची दिलीय, कुणाला आम्ही मशीन घेऊन दिलंय, प्रत्येकाचं वेगळं ठरलंय. दोन जणांनी बोलणं बंद केलं, एकजण तर दुसरीकडे दूध घालतो म्हणाला. वडील स्वतः त्याच्या घरी जाऊन दीड तास बसून आले तेव्हा कुठं मिटलं. वडील मला काही बोलले नाहीत पण मला ते फार लागलंय, त्यामुळे आता पूर्ण समजून घेतल्याशिवाय लिंक कुणाला द्यायची नाही असं ठरवलंय.

तर माझे प्रश्न. केंद्रवाल्याला फक्त त्याचंच केंद्र दिसेल असं फुकटात होतं का? वडील-काकांना मोबाईलवर सगळं दिसलं पाहिजे आणि काकांना पासवर्ड वगैरे जमत नाही. चुलतभाऊ मस्कतला असतो, धंद्यात त्याचे पैसे आहेत, त्याला पण बघायचंय. यासाठी मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्ड बनवायचं पॉवर बीआय घ्यावं का? एका सॉफ्टवेअरवाल्याने तयार सिस्टीमचे वर्षाला ६० हजार सांगितलेत.

आणि अजून एक, माझ्या डॅशबोर्डवर गाईच्या दुधाचं सरासरी फॅट टँकरच्या पावतीपेक्षा कायम पॉइंट तीन-चारने जास्त येतंय. केंद्रांची मशीन खराब असतील का, का कोणी काही करतंय? हे कुणावर बोलायच्या आधी खात्री करायचीय.

हिशोबनीस_सांगली

भाऊ, पहिली गोष्ट म्हणजे हाइड करणं म्हणजे कुलूप लावणं नाही, हे आमच्याकडे पण असंच अद्दल घडून कळलं. गुगल शीट ज्याला बघता येते त्याला तिची कॉपी काढता येते आणि कॉपीत तो मालक, मग हाइड केलेला कॉलम काय आणि टॅब काय, सगळं उघडतं. त्यामुळे जे दाखवायचं नाही ते त्या फाइलमध्ये असताच कामा नये.

मी आमच्या बेदाण्याच्या अडतीला असं करतो. मूळ शीट एक, ती फक्त माझ्याकडे आणि मालकांकडे. दुसरी शीट वेगळी फाइल, तिच्यात मूळ शीटमधले ठराविकच कॉलम इम्पोर्टरेंजने (एका शीटमधून दुसरीत डेटा आणायचा फॉर्म्युला) ओढायचे. कमिशन, शेतकऱ्याचं बँक खातं, आधार, मोबाईल नंबर हे दुसऱ्या फाइलमध्ये येतच नाहीत. डॅशबोर्ड त्या दुसऱ्या फाइलवर उभा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय त्याचं भान ठेवच, पण कायदा नसता तरी शेतकऱ्याचा खातेनंबर ग्रुपवर फिरणं बरं नाही.

आता ज्याचं त्याला. लुकर स्टुडिओत (२०२२ पर्यंत याला डेटा स्टुडिओ म्हणायचे) डेटा सोर्सच्या (रिपोर्ट जिथून आकडे घेतो ती जोडणी) सेटिंगमध्ये 'ईमेलनुसार फिल्टर' असा पर्याय आहे. शीटमध्ये एक कॉलम वाढव, प्रत्येक ओळीवर त्या केंद्रचालकाचा जीमेल, आणि तो कॉलम तिथं निवड. मग जो लॉगिन करून डॅशबोर्ड उघडेल त्याला त्याच्या ईमेलच्याच ओळी दिसतात, पहिल्यांदा उघडताना परवानगी विचारतं ती द्यायची. फुकट आहे. यात दोन गोष्टी ध्यानात ठेव. वडिलांना याच डेटा सोर्सवरून सगळं दिसणार नाही, कारण त्यांचा ईमेल ओळींवर नाहीये, त्यांच्यासाठी फिल्टर नसलेला वेगळा डेटा सोर्स आणि वेगळा रिपोर्ट कर, आणि तो नाव घालूनच शेअर कर, 'लिंक असलेला कोणीही' अजिबात नको. दुसरी म्हणजे केंद्रवाल्याचा जीमेल नक्की कुठला हे शोधताना तुझा घाम निघेल. मोबाईल दुकानातल्या पोराने फोन चालू करून देताना कुठला तरी ईमेल टाकलेला असतो, तो मालकालाच माहीत नसतो. प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यातल्या गोलावर दाबायला सांग, तिथं जो ईमेल दिसतो तोच घे.

डेटा सोर्सची परवानगी 'मालकाच्या नावाने' ठेव, म्हणजे बघणाऱ्याला शीटची परवानगी द्यावीच लागत नाही, फक्त रिपोर्टची द्यायची. शीटची लिंक कुणाला म्हणजे कुणालाही नको. शेअरिंगमध्ये डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करायचं पण बटण आहे, ते दाब. स्क्रीनशॉट मात्र कोणी अडवू शकत नाही.

अजून एक कळकळीने सांगतो. हे सगळं स्वतःच्या वैयक्तिक जीमेलवर करू नको, धंद्याच्या नावाने वेगळं खातं काढ आणि त्याचा रिकव्हरी नंबर वडिलांचा दे. आमच्याकडे आधी एका मुलाने सगळे रिपोर्ट त्याच्या खात्यावर बनवले होते, तो नोकरी सोडून गेला, मग खातं बंद झालं आणि ऐन सीझनमध्ये एके सकाळी सगळे चार्ट एरर दाखवायला लागले. त्या मुलाची काही चूक नव्हती, आम्हीच आधी विचार केला नव्हता.

दूधसचिव_करवीर

मी २२ वर्षं गावच्या दूध संस्थेत सचिव आहे, कॉम्प्युटरचं मला बेताचं कळतं पण शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला आलोय. बाळा, कुणावर संशय घेऊ नको, आधी मला सांग तू सरासरी काढतोस कशी? ११ केंद्रांच्या फॅटची बेरीज करून ११ ने भागतोयस ना?

मग ते चुकणारच. समज एका केंद्राचं ४०० लिटर दूध आहे ३.६ फॅटचं आणि दुसऱ्या लहान केंद्राचं ४० लिटर ४.४ फॅटचं. तुझा कॉम्प्युटर सांगणार सरासरी ४.०. पण कूलरमध्ये ते दूध एकत्र झालं की काय होतं? ४०० ला ३.६ ने गुण, १,४४०. ४० ला ४.४ ने गुण, १७६. बेरीज १,६१६, भागिले ४४० लिटर, आलं ३.६७. टँकरवाला ३.६७ च लिहिणार आणि तो बरोबरच आहे. लहान केंद्रावर दोन-चार गाया असणारे लोक असतात, त्यांचं फॅट बहुतेक जास्तच लागतं, आणि मोठ्या गोठ्याचं दूध भरपूर पण फॅट बेताचं. म्हणून तुझा आकडा नेहमी वरच दिसणार, कधी खाली दिसणार नाही. काही जण म्हणतील लिटरचे किलो करा, १.०३ ने गुणा, बिलाला ते करावंच लागतं, पण या सरासरीत ते वर-खाली कटतं.

गाय आणि म्हैस कधी एका आकड्यात घालू नको. गाईचा दर आपल्याकडे ३.५ फॅट ८.५ एसएनएफला धरतात, म्हशीचा ६ आणि ९ ला. दोन्ही मिळून ४.२ फॅट आलं तर त्यातून कळतं काय? काहीच नाही.

आणि तुझ्या सगळ्या चार्टांत मला विचारशील तर मला एकच आकडा रोज बघायचा असतो. केंद्रांनी मिळून लिटर किती लिहिलं आणि टँकरच्या पावतीवर किती आलं. घट किती. तसंच फॅट-किलो, म्हणजे दुधातल्या फॅटचं वजन, किती गेले आणि किती धरले. संस्था चालते का बुडते ते त्या फरकात असतं. तो आकडा तुझ्या लिहिण्यात कुठं आला नाही म्हणून सांगतोय.

मागच्या महिन्याशी तुलना करून घाबरू पण नको आणि हुरळू पण नको. थंडीत दूध वाढतं तो पुष्ट काळ, उन्हाळ्यात आटतं तो कृश काळ, हे गाईला कुणी शिकवलेलं नाही. मागच्या वर्षीच्या त्याच दहा दिवसांशी ताडून बघ.

पॉवरबीआय_हडपसर

माझं रोजचं काम पॉवर बीआयचं आहे आणि तरीही सांगतो, तुला ते आत्ता नकोय. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं, विंडोजवर छान चालतं, एकट्याने बसून बघायला उत्तम. पण शेअर करायचं म्हटलं की बनवणारा आणि बघणारा दोघांनाही प्रो लायसन्स लागतं. एप्रिल २०२५ पासून ते महिन्याला माणशी १० डॉलरवरून १४ डॉलर झालंय. तुझी ११ केंद्रं आणि घरचे चार धर, १५ गुणिले १४, महिन्याला २१० डॉलर. शिवाय साध्या जीमेलवर खातंच निघत नाही, स्वतःचं डोमेन असलेला ऑफिसचा ईमेल लागतो. तुझ्या केंद्रवाल्यांना एवढं सगळं करायला लावणार का तू?

कोणीतरी तुला सांगेल की 'पब्लिश टू वेब' कर, फुकट आहे. कृपा करून करू नकोस. त्याचा अर्थच असा की ते पान जगात कुणालाही लॉगिनशिवाय उघडतं, आणि आतला डेटा पण मिळू शकतो. मायक्रोसॉफ्टने स्वतः तशी सूचना लिहिलीय. टॅब्लो पब्लिक म्हणून असंच दुसरं साधन आहे त्याचं तेच, तिथं टाकलेलं सार्वजनिकच असतं. ते निवडणुकीचे निकाल, पावसाचे आकडे अशा गोष्टींसाठी आहे, कुणाच्या धंद्याच्या हिशोबासाठी नाही. मेटाबेस आणि सुपरसेट पण आहेत, ओपन सोर्स, स्वतःच्या सर्व्हरवर टाकायचे. पण मग सर्व्हर कोण बघणार, अपडेट कोण करणार, बॅकअप कोण घेणार, आणि मेटाबेसमध्ये ओळीनुसार ज्याचं त्याला दाखवायची सोय पैसे भरल्यावरच मिळते. फलटणला रात्री नऊ वाजता सर्व्हर बसला तर तू टँकर भरणार की सर्व्हर उठवणार.

६० हजारवाल्याला नाही म्हणायच्या आधी एक विचार, ती सिस्टीम केंद्रातल्या मशीनमधून आकडा थेट उचलते का? उचलत असेल तर ती किंमत डॅशबोर्डची नाही, हाताने न भरण्याची आहे, आणि मग ती कदाचित योग्य पण असेल. नुसतेच चार्ट दाखवत असेल तर नको.

शीट किती दिवस पुरेल ते आत्ताच मोजून ठेव. केंद्रनिहाय म्हणशील तर ११ केंद्रं, दोन पाळ्या, दोन प्रकारचं दूध, दिवसाला ४४ ओळी, वर्षाला १६,०६०, काहीच नाही. पण उद्या तुला मोह होणार की शेतकरीनिहाय पण घालू. ३८० जण दोन वेळा म्हणजे दिवसाला ७६० ओळी, वर्षाला २,७७,४००, आठ कॉलम धरले तर २२ लाखांवर सेल. गुगल शीटची मर्यादा १ कोटी सेलची, म्हणजे साडेचार वर्षं, आणि त्याच्या खूप आधी ती रडायला लागेल. तेव्हा शेतकरीनिहाय दुसरीकडे ठेव, डॅशबोर्डला बेरीज केलेलंच दे.

बल्ककूलर_फलटण

सचिव काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. खरंच मी ११ ने भागत होतो. म्हणजे मी नाही, चार्टमध्ये 'ॲव्हरेज' निवडलं होतं आणि त्याने गुपचूप तेच केलं. काल रात्री शीटमध्ये फॅट-किलोचा कॉलम घातला, लुकरमध्ये नवीन फील्ड केलं, फॅट-किलोची बेरीज भागिले लिटरची बेरीज, आणि टँकरच्या पावतीशी फरक पॉइंट तीनवरून पॉइंट शून्य पाचवर आला. मी एका केंद्रावर मशीन बदलायचं बोलणार होतो हो. बोललो असतो तर त्या माणसाला काय वाटलं असतं.

हिशोबनीस दादा, दुसरी फाइल केली, कमिशन तिच्यात नाही. जीमेल गोळा करतोय, सातजणांचे मिळाले, त्यातले दोन मुलांच्या नावाचे निघाले आणि एकाचा तर आधीच्या मालकाचा, फोन सेकंडहँड घेतलेला होता.

आता नवीनच अडचण. मागच्या वर्षीशी तुलना करायची म्हणून एका केंद्राच्या सॉफ्टवेअरमधून मागच्या एप्रिलचा डेटा काढून शीटमध्ये पेस्ट केला. फक्त एप्रिलचा. आणि चार्टमध्ये दूध दिसतंय जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, प्रत्येक महिन्यात एकाच दिवशी एक काडी आणि बाकी सपाट. बेरीज पण अर्ध्याहून कमी. दोन तास डोकं खाल्लंय.

एक्सेलताई_नाशिक

ती काडी प्रत्येक महिन्याच्या ४ तारखेला आहे ना? बघ बरं.

तुझ्या शीटचं लोकेल, म्हणजे तारखा-आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचे ती सेटिंग, अमेरिकेचं आहे. केंद्राचं सॉफ्टवेअर आपल्यासारखं दिवस-महिना-वर्ष लिहितं, शीट वाचतं महिना-दिवस-वर्ष. म्हणून १ एप्रिल झाला ४ जानेवारी, २ एप्रिल झाला ४ फेब्रुवारी, असं १२ एप्रिलपर्यंत, तो झाला ४ डिसेंबर. ४ एप्रिल तेवढा नशिबाने बरोबर पडला. आणि १३ पासून पुढे, तेरावा महिना नसतो म्हणून शीटने ती तारीखच मानली नाही, नुसता मजकूर समजून सोडून दिलं. म्हणून बेरीज कमी. एप्रिलच्या ३० दिवसांतले १२ च मोजलेत त्याने. सेलमध्ये नीट बघितलंस तर १२ पर्यंतच्या तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि १३ पासूनच्या डावीकडे दिसतील, तेच ओळखायची खूण.

फाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेल भारत कर, आणि मग तो डेटा पुसून पुन्हा पेस्ट कर, नुसतं लोकेल बदलून आधी चुकलेलं सुधारत नाही. मी औषधांच्या होलसेलला काम करते, एक्सपायरीच्या तारखा असतात, आमच्याकडे ही चूक झाली असती तर काय झालं असतं याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो, म्हणून नवीन फाइल उघडली की पहिलं काम लोकेल.

तसंच केंद्रवाले फॉर्म मोबाईलवर भरतात तर मराठी कीबोर्डकडे लक्ष ठेव. आमच्या एका सेल्समनने आकडे मराठीत टाइप केले, दिसायला अगदी नीट, पण शीटने ते मजकूर धरले आणि बेरजेत घेतलेच नाहीत. फॉर्ममध्ये त्या प्रश्नाला 'संख्या' अशी अट घाल आणि हद्द पण घाल, गाईचं फॅट २.५ ते ६ च्या बाहेर गेलं तर घेऊच नको, म्हणजे ३.८ च्या जागी कोणी ३८ टाकलं तर तिथंच अडेल.

आता दिसण्याबद्दल. ११ केंद्रांचा गोल चार्ट केला असशील तर काढून टाक, ११ फोडी डोळ्याला कळत नाहीत, आडव्या पट्ट्या कर, मोठं वर लहान खाली. पान उभं ठेव, मोबाईलच्या मापाचं, लॅपटॉपवर आडवं केलेलं पान काकांना फोनवर मुंगीएवढं दिसतं. रकमा छोट्या करून दाखवायला सांगितलं की लुकर हजार आणि मिलियनमध्ये दाखवतं, आपल्या घरात मिलियन कुणाला कळतंय, एक लाखाने भागून वेगळं फील्ड कर आणि नावातच 'लाखात' लिही. दहा दिवसांच्या बिलासाठी पण एक कॉलम कर, तारखेला दहाने भागून वरचा पूर्ण आकडा घ्यायचा, १ ते १० ला एक येतो, ११ ते २० ला दोन, पुढे तीन, ३१ तारखेला चार येतो तो तीनच धरायचा.

आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, 'शेवटची नोंद कधीची' ते दाखव. कोविडच्या वेळी ती कोविड१९इंडियाची साइट आपण सगळे बघायचो, स्वयंसेवक चालवायचे, ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी बंद केली. तिच्यावर शेवटचं अपडेट कधीचं ते लिहिलेलं असायचं आणि म्हणून आकडा कमी दिसला तर कळायचं की अजून यायचाय का खरंच कमी झालाय. तुझ्याकडे लुकर शीटमधून दर १५ मिनिटांनी नवं घेतं, त्यात एखादं केंद्र फॉर्म भरायला विसरलं तर काका म्हणणार आज दूध घटलं. कुठल्या केंद्राची नोंद आलेली नाही याची वेगळी यादी ठेव, तीच सगळ्यात जास्त वापरली जाईल बघ.

पहाटे_पाच

सगळ्यांचं वाचलं, चांगलंच सांगितलंय, पण माझं मत वेगळं आहे. माझे पण वडील दुधाच्या धंद्यात होते. त्यांना डॅशबोर्ड उघडायला लावू नका. जो माणूस पहाटे पाचला कूलरवर उभा असतो तो लिंक दाबून, लॉगिन करून, चार्ट हलायची वाट बघत बसणार नाही. त्याला सकाळी साडेनऊला व्हॉट्सॲपवर चार ओळी आल्या पाहिजेत, मराठीत. काल एकूण इतकं, परवापेक्षा इतकं कमी-जास्त, घट इतकी, अमुक केंद्राचं फॅट तीन पाळ्या घसरलंय. बस. डॅशबोर्ड तुझ्यासाठी आहे, शोधायला. त्यांच्यासाठी निरोप आहे. हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि एकाच ताटलीत वाढले की दोन्ही उरतात.

हिशोबनीस_सांगली

हे मला पटलं. शीटच्या एका सेलमध्ये वाक्य जोडून तयार ठेवता येतं, मधे आकडे आपोआप बदलतात, सकाळी तो सेल कॉपी करायचा आणि पाठवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. लुकरमधून रोज ठरलेल्या वेळी ईमेलने पीडीएफ पण जाते, ती मस्कतच्या भावाला लाव.

बल्ककूलर_फलटण

तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगायला आलो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत.

ती काडी ४ तारखेलाच होती. ताई, तुम्ही न बघता सांगितलंत, मी घरात सगळ्यांना दाखवलं.

११ पैकी ९ केंद्रं आता स्वतःचंच बघतात. राहिलेल्या दोघांना मी सांगितलं की तुमचा ईमेल मिळेपर्यंत मी रोज मेसेज करतो, जबरदस्ती नाही. जो दुसरीकडे दूध घालतो म्हणाला होता त्याच्या घरी मी स्वतः गेलो, वडिलांना न सांगता, आणि त्याच्याच फोनवर उघडून दाखवलं की तुमचंच दिसतंय, दुसऱ्याचं नाही, आणि तुमचं पण दुसऱ्याला नाही. त्याने पत्नीच्या फोनवर लिंक उघडून बघितली, तिथं काहीच दिसलं नाही, तेव्हा त्याचा विश्वास बसला. चहा घेऊनच आलो.

सचिव काका, घटीचा आकडा सगळ्यात वर घेतलाय. आणि मागच्या मंगळवारी पहिल्यांदा डॅशबोर्डचा उपयोग झाला असं म्हणता येईल. एका केंद्राचं संध्याकाळच्या पाळीचं फॅट तीन दिवस सलग पॉइंट दोनने खाली, सकाळचं मात्र नीट. आधी हे मला दहाव्या दिवशी कळलं असतं. तिथं गेलो तर संध्याकाळी केंद्रचालकाचा भाचा बसतो, त्याला मशीन रोज क्लीनिंगच्या लिक्विडने धुवायचं असतं हेच माहीत नव्हतं, नुसतं पाणी मारत होता. दाखवून दिलं, दुसऱ्या दिवशी आकडा जागेवर. त्या तीन दिवसांत ज्या शेतकऱ्यांचे पैसे कमी लागले असते ते आम्ही सकाळच्या फॅटने धरून बिलात भरून काढले, वडिलांनीच सांगितलं तसं करायला.

मस्कतच्या भावाचं अजून ठरत नाहीये. त्याला पीडीएफ रोज जाते पण त्याला कमिशनसकट सगळं बघायचंय आणि काका नको म्हणतायत. ते घरातलं आहे, बसून बोलावं लागेल.

वडिलांना सकाळी साडेनऊला चार ओळी जातात. डायरी त्यांनी बंद केलेली नाही. रात्री जेवण झालं की चष्मा लावतात, फोन एका हातात, डायरी मांडीवर, आणि दोन्ही आकडे ताडून बघतात. परवा फॉर्ममध्ये ४१२ च्या जागी ४२१ पडलं होतं ते त्यांनी पकडलं आणि मला हाक मारली.

दूधसचिव_करवीर

त्यांना डायरी बंद करायला सांगू नको.